एकतीस लाद्या

माघ अर्धा सरला की चौलला माझ्या घरामागच्या वाडीत दुपारी वारा फिरतो. सकाळभर डोंगराकडून येणारा कोरडा, थंड वारा जेवणवेळेपर्यंत दमून जातो. पोफळींचे शेंडे घटकाभर अगदी स्तब्ध उभे राहतात. मग समुद्राकडून दुसरा वारा आत शिरतो. तो तोंडावर आला की मी अजूनही ओठांवरून जीभ फिरवते. खारट लागलं की मनातल्या मनात म्हणते, आज पाणी चांगलं आटेल. कुठलं पाणी आणि कुठलं काय! एकसष्ट वर्षांची निवृत्त चित्रकला शिक्षिका मी, दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहते, आणि माझ्या आसपास आटण्यासारखं पाणी फक्त चहाच्या पातेल्यात असतं.

पण आमच्या गावात सगळे या वाऱ्याचीच वाट पाहायचे. ऊन सगळ्यांनाच दिसतं, मीठ मात्र वाऱ्यानं होतं, असं बाबा म्हणायचे. पनवेल आणि उरणच्या मधे खाडीच्या काठावर आमचं आगरी लोकांचं गाव होतं. घरं थोडी, मिठागरं फार. दिवाळी झाली की बांध दुरुस्त व्हायचे. उघाडीची फळी वर करून भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत फिरवत ते घट्ट करायचं, आणि माघ-फाल्गुनात शेवटच्या वाफ्यात त्याच्यावर पांढरी साय धरायची. मिठागराच्या मालकाला आमच्याकडे शिलोत्री म्हणत. वाफे त्याचे, पाय आमचे.

पाय म्हणते, कारण मीठ येण्याआधीचं सगळ्यात मोठं काम पायांचंच. वाफ्याचा तळ मऊ राहिला तर मिठात चिखल येतो. म्हणून बायका ओळीनं उभ्या राहून, एकमेकींच्या कमरेला हात घालून, तो तळ तुडवत जायच्या. टाच, मग पंजा, मग पुन्हा टाच. दिवसचे दिवस. शेवटी तो घोटलेल्या पाटीसारखा गुळगुळीत व्हायचा, आणि मग त्याच्यावर कुणी चालायचं नाही. चांगल्या वाफ्यावर पाऊल दिसता कामा नये.

त्या ओळीत टोकाला माझी थोरली बहीण असायची. तिचं नाव हिरा, पण आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात, म्हणून मीही बायच म्हणते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बायची शाळा तिसरीत सुटली होती, आता ती आईच्या जागी ओळीत उभी राहिली. मला मात्र तिनं वाफ्यात कधी उतरू दिलं नाही. मी बांधावर बसून गृहपाठ करायचे. कधी चिखलात काडीनं तिचं नाव लिहून दाखवायचे, आणि ती कमरेवर हात ठेवून ते अक्षर अक्षर लावून वाचायची. माझी मॅट्रिक, मुंबईचं चित्रकलेचं कॉलेज, नोकरी हे सगळं त्या टाचा-पंजांवर उभं आहे, हे वाक्य मी निवृत्तीच्या समारंभात बोलले होते. टाळ्या पडल्या होत्या. बाय त्या समारंभाला नव्हती. मी बोलावलं होतं, पण उशिरा.

मिठागरं आधी बंद पडली. मग गाव उठलं. तिथे विमानतळ व्हायचा होता. बायचं कुटुंब पुनर्वसनाच्या वसाहतीतल्या नव्या घरात गेलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कंटेनरच्या ट्रकवर, सून एका ऑफिसात. दिवसभर घरात बाय आणि टीव्ही.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी मला एक फोन आला. परदेशात एक जागतिक प्रदर्शन भरणार होतं. देशोदेशीची दालनं, सहा महिने चालणारं. आपल्या दालनात किनाऱ्यावरच्या कामांचा एक कोपरा होता आणि मुंबईतलं एक कार्यालय त्याच्यासाठी वस्तू जमवत होतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिथे माझं नाव सुचवलेलं. मी म्हटलं, मिठागराचा तळ पाठवू या. खाडीची माती, त्यावर मिठागरात काम केलेल्या बाईची पावलं, भाजून पक्क्या केलेल्या बत्तीस लाद्या. लोकांनी चपला काढून त्या पावलांत आपली पावलं ठेवायची.

कल्पना त्यांना आवडली. मी बायकडे गेले. वसाहतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही फळ्यांच्या चौकटी मांडल्या, खाडीची माती विटांचा भुगा घालून मळली, आणि बाय दोन सकाळी ती तुडवत होती. सदुसष्ट वर्षांची. काष्टा मारलेली, काठीला धरून. कित्येक वर्षांनी तिच्या तोंडावर ते जुनं, रागीट म्हणावं असं लक्ष दिसत होतं. तळ झाला तेव्हा ती बाजूला झाली आणि पदरानं मान पुसून उभी राहिली. मी म्हटलं, आता याच्यावरून एकदा चाल.

ती म्हणाली, "तुडवलेल्यावर कोन चालतो गो? खराब व्हईल."

मी तिला समजावलं. पावलंच हवी आहेत, तेच चित्र आहे. ती चालली, पण अशी की परक्याच्या घरात चालतेय.

खारी माती भाजणं सोपं नसतं. पेणजवळच्या एका भट्टीत पहिल्या सहा लाद्या तडकल्या. मी सुट्टी नसलेल्या माणसासारखी तिथे राबले, पुन्हा माती, पुन्हा बाय, पुन्हा भट्टी. शेवटी बत्तीस नग धड निघाले. मग त्या कार्यालयाचा फॉर्म आला. त्यात कलाकाराच्या नावाचा रकाना एकच होता. मी त्यात माझं नाव लिहिलं. फार विचार केला असं नाही, आणि केलाच नाही असंही नाही. खाली वर्णनात लिहिलं, 'कोकणातील मिठागर कामगार स्त्रीच्या पाऊलखुणा.'

प्रदर्शनाला मला कुणी नेलं नाही. फोटो आले. परक्या देशातल्या लख्ख उजेडात आमची माती आणि तिच्यावर कुठल्याशा गोऱ्या आजोबांचे उघडे पाय. मी ते फोटो घेऊन बायकडे गेले. तिनं माझ्या फोनवरचा फोटो आपल्या बोटांनी मोठा केला. सुनेकडून शिकली होती. पावलं बघितली, हसली. मग बाजूच्या पाटीवरच्या मराठी मजकुरावर बोट नेलं आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर हळूहळू फिरवत राहिली. काय शोधतेय ते मला कळलं. मी म्हटलं, "अक्षर फार बारीक आलंय बाय, फोटोत वाचता येत नाही."

तिनं फोन परत दिला. चहा केला. पाटीबद्दल ती पुन्हा काहीच बोलली नाही.

मी सांगायला निघाले तो हंगाम गेल्या वर्षीचा. प्रदर्शन संपलं, दालन उतरवलं, आणि सगळ्या वस्तू लाकडी पेट्यांत भरून जहाजानं परत आल्या. उरणच्या रस्त्यावर, कंटेनरांच्या रांगांमधल्या एका गोदामात त्या ठेवल्या होत्या. त्यांचं पुढे काय, हा प्रश्नच होता. मग ठरलं की नव्या विमानतळावर, प्रवासी उतरून सामान घ्यायला येतात त्या लांब दालनात त्या मांडायच्या. कार्यालयातली अनुजा नावाची मुलगी हे काम बघत होती. तिनं फोनवर सांगितलं, मॅडम, तुमच्या चार लाद्या फुटल्यात, दुरुस्त करायला याल का?

मी उरणला एक खोली घेतली आणि दोन महिने राहिले. वसाहत तिथून रिक्षानं जाण्यासारखी होती. मी बायकडे राहू शकले असते. राहिले नाही.

कारण त्याआधीच्या पावसाळ्यात बायचा डावा पाय गेला होता. साखर होती, जखम चिघळली, आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. इस्पितळात मी एकदा जाऊन आले. नंतर फोन. फोनवर ती म्हणायची, बरी हाय. मी म्हणायचे, येते गं. आणि येत नव्हते. रिकाम्या जागेकडे बघायची मला भीती वाटत होती. स्वतःला मी कारणं खूप दिली. एकट्या माणसाला कारणं द्यायला वेळ भरपूर असतो.

गोदामात दिवसा तापलेल्या पत्र्याचा वास असायचा. माझ्या एका बाजूला आगरदांड्याच्या सुतारानं केलेला मचवा, दुसऱ्या बाजूला पितळेच्या समया आणि बांबूचा एक प्रचंड पक्षी, ज्याचा एक पंख काढून शेजारी ठेवला होता. सगळे परदेश बघून आलेले आणि सगळे थोडेथोडे मोडलेले. दुपारी अनुजाही बाहेर जायची तेव्हा मी त्यांच्यात एकटी असायचे. लाद्यांच्या पेट्या मी स्वतः उघडल्या. भुशात ठेवलेली एकेक लादी काढून जमिनीवर ओळीत मांडली. डावं, उजवं, डावं, उजवं. बायच्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, टाचेला आडवी भेग. त्या पावलांत सहा महिने लोकांनी पाय ठेवले होते, त्यामुळे कडा जरा मऊ झाल्या होत्या. मी एका पावलात तळहात ठेवला. गार होतं. मग मोजलं. फुटलेल्या चारही लाद्या डाव्या पायाच्या होत्या. तसं व्हायला काही कारण नव्हतं, त्या चारींची पेटी सगळ्यांत खाली होती इतकंच. तीन सांधता आल्या. चौथीचा नुसता भुगा झाला होता.

अनुजा समजूतदार मुलगी. ती म्हणाली, हरकत नाही, नवीन ठसा घेऊ. मी सांगितलं की तो पाय आता नाही. ती हळूच म्हणाली, मग दुसऱ्या कुणाचा घेतला तर? किंवा उजव्या पायाचा साचा करून उलटा फिरवता येतो मशीनवर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा माझं मलाच जाणवलं, की मागच्या खेपेला मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेले. बाय खिडकीशी पलंगावर बसली होती. पातळाच्या निऱ्या एका बाजूला सपाट पडलेल्या. तिनं माझी नजर तिथे जाताना पाहिली आणि सरळ सांगितलं, बघून घे एकदा, मग नीट बस. मी बघितलं. मग बसले. तिनं भाकरी-सुकटीचं विचारलं, चौलच्या पोफळींना यंदा काय धरलंय ते विचारलं. बाहेरून एक विमान घराच्या भांड्यांना थरथर आणत वर गेलं. तिनं बोलणं मध्येच थांबवलं, ते गेलं आणि मग तिथूनच पुढे बोलली.

मी लाद्यांचं सांगितलं. फुटल्या, तीन सांधल्या, एक गेली. अनुजा काय म्हणाली तेही सांगितलं. आणि मग, आता नाही तर कधीच नाही असं वाटून, पाटीचंही सांगितलं. अक्षर बारीक नव्हतं. तिथे तुझं नाव नव्हतं, माझं होतं.

बाय निऱ्यांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मना तवाच कललेला. माजा नाव कसा दिसतं ता तूच शिकवलंस ना मना."



"नाव नसल्याचा कायी न्हाय," ती म्हणाली. "तू मना वाचता येत न्हाय असा धरलंस, त्याचा वाईट वाटला."

तिचा आवाज चढला नव्हता. मला रडू आलं तर तिनं येऊ दिलं, जवळ ओढलं नाही. लहानपणी ओढायची. मी डोळे पुसल्यावर ती कामाचं बोलली. दुसऱ्याचा पाय लावायचा नाही, उलटा करून तर मुळीच नाही, ती जागा रिकामी सोड. मी म्हटलं, लोक विचारतील. ती म्हणाली, इचारू दे.

गोदामात परत आल्यावर मी अनुजाला सांगितलं की लाद्या एकतीसच लागतील, आणि पाटी बदलायची आहे. रकान्यात माझं नाव खोडून हिराबाईचं लिहायचं. ती घाबरली. कागदोपत्री कलाकार म्हणून सगळीकडे माझं नाव होतं. बदल करायचा म्हणजे वरपर्यंत मंजुरी, त्यात मांडणीची तारीख जवळ. नाहीतर तुमचा भागच वगळतील मॅडम, म्हणाली. मी म्हटलं, वगळू देत. आयुष्यात मी हट्ट फार कमी केले. त्या दिवशी केला तो खरं तर माझ्यासाठीच होता, हे मला पुढे कळायचं होतं. अनुजानं तीन आठवडे माझ्यासाठी कागद फिरवले. एका दुपारी ती हसत आली. पाटी छापून आली होती. 'हिराबाई, मिठागर कामगार. खाडीची माती.' बस्स. माझं नाव कुठे नाही.

मी ती पाटी फोनवर टिपली आणि थेट वसाहतीत गेले. बायनं ती वाचली. या वेळी बोट न लावता.

"आन तुजा नाव?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, माझं काढलं.

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मंग ह्या पन खोटाच झाला. पाय माजे, पन भाजलंस तू. सा लाद्या तडकल्या तवा भट्टीवर कोन बसलेली?"

मला वाटलं होतं ती खूश होईल. निदान सुटल्यासारखं होईल. पण बायनं मला तेवढंही दिलं नाही, आणि आज वाटतं, बरं केलं. मी आधी तिला पुसलं होतं, आता स्वतःला पुसून हिशेब मिटवायला निघाले होते. दोन्ही वेळा कागदावर एकच जण राहिलं. आम्ही दोघी शेजारी उभ्या आहोत, असं कुठेच लिहिलं गेलं नाही, आणि तसं उभं राहायला आम्हाला जमलंही नव्हतं. पाटी दुसऱ्या दिवशी भिंतीत बसली. आता ती तशीच राहील.

मांडणी झाल्यावर, लोकांसाठी ते दालन खुलं होण्याआधी, मला एक दिवसाचा पास मिळाला. दोघींसाठी मिळाला होता. चाकांची खुर्चीही सांगून ठेवली होती. बाय नाही म्हणाली. "तिथं आपली चूल व्हती. मी तिथं खुर्चीत बसून फिरू?" मी आग्रह केला नाही.

एकटीच गेले. आत इतका सारखा उजेड होता की दिवस कुठल्या अंगाला आहे ते कळत नव्हतं. सामानाचा पट्टा रिकामाच फिरत होता. मचवा उंच टांगलेला, बांबूच्या पक्ष्याचे दोन्ही पंख लागलेले. आमच्या लाद्या जमिनीत बसवल्या होत्या, भोवती पितळी कड. एक बाई फरशी पुसत त्यांच्याजवळ आली, थांबली, आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली. मी चपला काढल्या. पावलांत पाय ठेवत चालले. माझा पाय बायच्यापेक्षा लहान आहे हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. चौदाव्या पावलानंतर ती रिकामी जागा आली. तिथे पाय टाकायला काही नव्हतं. मी एका पायावर उभी राहिले, तोल गेला, आणि जिथे काही नव्हतं तिथे पाऊल टेकवून पलीकडे गेले. सुरक्षारक्षकानं विचारलं, पडलात का मॅडम? मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी बायला सगळं सांगितलं. ती नीट ऐकत होती. दालन केवढं, कुठून आत गेलीस, टेकडी होती ती बाजू कुठली. मनातल्या मनात ती जुनं गाव त्या दालनावर अंथरत असावी. मग तिनं विचारलं, "माजे पाय कुनीकडं चाललेत? खाडीकडं का घराकडं?"

मला सांगता येईना. पूर्वी मी पटकन काहीतरी सांगितलं असतं. मी म्हटलं, मला कळलं नाही बाय, आत दिशाच समजत नाही.

"मंग परत बघून ये," ती म्हणाली.

ते तितकं सोपं नाही हे तिला नंतर कळलं. पास एकदाच असतो. ते दालन बाहेरून येणाऱ्यांचं. तिथे पोचायचं तर विमानातून उतरावं लागतं, आणि उतरायचं तर आधी कुठेतरी दूर जावं लागतं. माणसं लेकीकडे जातात, नातवंडांकडे जातात, कामाला जातात. मी चौलच्या ओट्यावर बसून बरेच दिवस विचार केला. मला जाण्यासारखं कुणीच कुठे नाही.

यंदा माघात वारा फिरला त्या आठवड्यात मी तिकीट काढलं. एका लांबच्या शहराचं, सकाळी जायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचं. त्या शहराचं नाव मी यादीतून उचललं. अनुजाकडून दिशा दाखवणारं होकायंत्र फोनवर घालून घेतलं. मग बायला फोन केला. आता आम्ही दर दोन दिवसांनी बोलतो, फार नाही, भाजी काय केली इतपत. तिला शहराचं नाव सांगितलं.

"तिथं कोन हाय तुजा?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, बाय. परत यायला चाललेय."

पलीकडे विमान गेलं असावं, कारण ती थांबली. भांडी शांत होईपर्यंत दोघी गप्प होतो. मग ती म्हणाली, "येताना सरल हिकडं ये. सुनेला जेवन ठेवायला सांगते."